वरचं पाणी

समाजाच्या उन्नतीत संशोधनाचं स्थान अनन्यसाधारण आहे. हे वाक्य माझं नाही. ते शिष्यवृत्तीच्या अर्जावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत सूचना होती की अर्ज दोन प्रतींत भरावा, कार्बन पेपर अर्जदाराने स्वतःचा आणावा. मी कार्बन उसना आणला. तो उलटा लागला. त्यामुळे दुसरी प्रत कोरी राहिली आणि पहिल्या प्रतीच्या पाठीवर माझी सगळी माहिती उलट्या अक्षरांत उमटली. समाजाच्या उन्नतीतला माझा सहभाग असा सुरू झाला.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. साताऱ्याला बी.ए. करून मी सांगलीला अर्थशास्त्रात एम.ए.ला आले होते. घर आष्ट्याजवळच्या एका गावात. थोडा ऊस, दोन म्हशी, आणि पल्टणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले वडील. त्यांनी मला सांगलीच्या गाडीत बसवताना व्यवहार स्पष्ट केला होता.

"पयल्या वर्साचं मी बघतो. दुसऱ्याचं तुझं तू बघ. न्हाई जमलं तर गावच्या दूध संस्थेत कारकुनाची जागा हाय. चेअरमननं तुझ्यासाठी राखून ठिवलीया."

दूध संस्थेबद्दल माझा काही आकस नव्हता. पण साताऱ्याच्या वाचनालयातली दोन कपाटं वाचून झाल्यावर उरलेलं आयुष्य दुधात पाणी किती हे बघण्यात घालवावं, असं मला वाटत नव्हतं. तेव्हा दुसऱ्या वर्षासाठी ती शिष्यवृत्ती मिळवणं भाग होतं. पहिला हप्ता अर्ज मंजूर झाल्यावर, आणि मोठा, म्हणजे वर्षभर पुरणारा, दुसरा हप्ता अहवाल मंजूर झाल्यावर.

शिष्यवृत्ती साताऱ्याच्या एका ट्रस्टची होती. एका बागायतदाराने आपल्या वडलांच्या स्मरणार्थ काढलेली. अभ्यासासाठी चार विषय दिले होते. पहिला गुळाचा बाजार, दुसरा सहकार, तिसरा कालव्याचं पाणी, आणि चौथा, 'कामाच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावाचे आर्थिक परिणाम'. पहिल्या तीन विषयांना अर्जांची रांग लागली होती. चौथ्याला एकच अर्ज आला. त्याची दुसरी प्रत पहिलीच्या पाठीवरून उलटी वाचावी लागत असूनही तो मंजूर झाला.

आमचे प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून सही करायला तयार होते, पण विषय ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"अस्पृश्यता कायद्याने बंद झालेली आहे," ते म्हणाले. "बंद झालेल्या गोष्टीचा अभ्यास इतिहास विभागात करतात."

"सर, हळदीच्या वखारीत जाऊन बघते. बंद झालेली असली तर तसं लिहीन."

त्यांनी सही केली. चष्मा काढलेला असल्यामुळे ती भलत्याच ओळीवर झाली.

वखार माझ्या खोलीच्या मागेच होती. सांगलीत त्या दिवसांत कुठेही खोली घेतली तरी मागे हळदीची वखार निघायची. आत वीसेक बायका गोण्यांवर बसून हळद निवडत असत. हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे, मातकट माल तिसरीकडे. मजुरी दिवसावर नव्हती. जितकी पोती निवडून भरतील तितके पैसे. त्यामुळे उठून जाण्याचं प्रत्येक मिनिट जिचं तिच्या पदरचं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला यापेक्षा सोयीची जागा मिळाली नसती.

दाराशी पाण्याचा रांजण होता, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर तांब्या. वीसेक बायकांपैकी सहा जणी गावाबाहेरच्या दलित वस्तीतून येत. त्यांनी रांजणाला हात लावायचा नाही. तहान लागली की रांजणापासून चार हातांवर उभं राहायचं, "पाणी घाला की वं कुणीतरी," म्हणायचं, आणि कुणी उठून तांब्या बुडवला की ओंजळ धरायची. बुडवणारी वरून पाणी घालणार. याला त्या सहा जणी 'वरचं पाणी' म्हणत. सहा जणींमधली थोरली एक बाई होती, पन्नाशीची, बारीक अंगाची. तिनेच मला हा शब्द सांगितला, आणि सांगताना असं तोंड केलं की जणू वरच्या वर्गाचं तिकीट.

मी वडलांचं पल्टणीतलं घड्याळ मनगटावर बांधून कोपऱ्यात पोत्यावर बसू लागले. कोण पाण्याला किती वेळ उठतं, थांबतं, परत येतं, याची नोंद. दोन आठवड्यांनी तक्ता तयार झाला आणि तो बघून मीच गार पडले. हाताने पाणी घेणाऱ्या बायकांचा वेळ रांजणाशी जास्त जात होता. वरचं पाणी पिणाऱ्या सहा जणींचा कमी, खूपच कमी.

प्राध्यापक मात्र खूश झाले. "मूलगामी निष्कर्ष आहे. भेदभावामुळे उत्पादक वेळेची बचत होते! लिहा."

मी लिहिलं. आता लाज वाटते, पण लिहिलं, आणि अक्षरही चांगलं काढलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने विचारलं, "ताई, पंधरा दिस झालं लिवताय. काय निघालं त्यातनं?"

मी वाचून दाखवलं. ती आधी हसली. मग बाकीच्या पाच जणींना ओरडून सांगितलं, "आगं, आपुन लय हुशार हाय म्हनं! पान्यात येळ घालवत न्हाई!" सगळ्या हसल्या. हळदीचा धुरळा घशात गेला तशा खोकल्या, आणि खोकत हसल्या.

"आवं ताई," ती म्हणाली, "आमी पाणी पीतच न्हाई. सकाळी घरनं पिऊन येतो, ते सांजच्याला घरी जाऊन पितो. दर खेपंला कुणाच्या तोंडाकडं बघायचं? जी पीतच न्हाई तिचा येळ कशाला जातुया?"

मी पान फाडलं. प्राध्यापकांना सांगितलं की मूलगामी निष्कर्षाला तहान लागली होती आणि मला दिसली नव्हती. त्यांना ते आवडलं नाही. फाडलेल्या पानावर त्यांची शाबासकी होती.

त्यानंतरच्या आठवड्यात थोरलीने मलाच हाक मारली. "ताई, तुमी नुसत्याच बशलाय. घाला की जरा पाणी."

मी उठले. तांब्या बुडवला आणि घातलं. हे सांगताना मला स्वतःला कुठे लपवता येत नाही. मी बागायतदाराच्या जातीतली, त्या रांजणाला माझा हात चालत होता, म्हणून मला सांगितलं गेलं, आणि मी वही मिटून, भेदभावाचा अभ्यास बाजूला ठेवून, तो भेदभावच व्यवस्थित पार पाडला. सहाच्या सहा जणी आल्या. दोन-दोन वेळा प्यायल्या. मी कुरकुर करीत नव्हते, म्हणून दुपारी परत आल्या.

संध्याकाळी पोती मोजली तर त्या सहा जणींची पोती रोजच्यापेक्षा जास्त भरलेली. दुपारनंतर त्यांचे हात मंदावत, डोकं धरून बसत, ते त्या दिवशी झालं नव्हतं.

माझ्यातली अर्थशास्त्रज्ञ जागी झाली, आणि ती जागी झाली की माणूस झोपतो. मी ठरवलं, तुलना करायची. एक दिवस पाणी घालायचं, एक दिवस नाही. ज्या दिवशी घालायचं नसे त्या दिवशी मी वहीत डोकं खुपसून बसायचे, आणि "घाला की वं" ऐकूच न आल्यासारखं करायचे. आठ दिवस हे चाललं. तक्ता सुंदर जमत होता. घातल्या दिवशी पोती वर, न घातल्या दिवशी खाली, करवतीच्या दातांसारखा.

नवव्या दिवशी थोरली येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"एक दिस घालताय, एक दिस न्हाई. शेळ्यास्नी औषध देऊन बघतासा व्हय?"

मी खरं सांगितलं. तुलनात्मक अभ्यास, नियंत्रित परिस्थिती, असे शब्द वापरले. पुस्तकात ते बरे दिसत होते. तिच्यासमोर बोलताना मला माझ्याच तोंडाची चव कळली.

"घालायचं तर रोज घाला," ती म्हणाली, "न्हाईतर त्यो तांब्या हिकडं आणा."

तो दिवस घालण्याचा होता. तांब्या माझ्या हातातच होता. मी तो तिला दिला.

यात धैर्य वगैरे काही नव्हतं. वाद घालायला माझ्याजवळ मुद्दा उरला नव्हता, एवढंच. धैर्य पुढे तिने दाखवलं. ती रांजणाकडे गेली, झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घालून तांब्या बुडवला, प्यायली, पुन्हा बुडवला आणि मागे उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला. वखारीत हळद निवडण्याचा जो सारखा खळखळ आवाज असतो, तो थांबला. वीसेक बायका एकदम गप्प बसल्या की वखार केवढी मोठी आहे ते कळतं.

मुकादम धावत आला. जाडजूड, कपाळाला भलं मोठं गंध, स्वभावाने वाईट म्हणावा असाही नाही. दर शनिवारी वखारीला नारळ फोडणारा आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा स्वतः खाणारा.

"आरं देवा! रांजण बाटला की! म्हातारे, डोकं ठिकाणावर हाय का?"

"हाय की. तहानंनं फिरलं व्हतं, आता आलं ठिकाणावर."

"घालवून दीन सगळ्यास्नी!"

"द्या. पोती कोण भरणार, तुमी? बसा हितं, जागा केली बगा."

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. बाजारात रोज सौदे निघत होते, आणि या सहा जणींचे हात वखारीत सगळ्यांत चलाख होते, तो तक्ता माझ्याकडे नव्हे, मुकादमाच्या डोक्यात होता. त्याने कुणालाच घालवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमी वही घिऊन आलासा तवापास्नं हे सुरू झालंय. तुमचा अभ्यास झाला न्हवं?"

"नाही अजून."

"झाला म्हना की."

दोन दिवसांनी वखारीत नवा रांजण आला. सहा जणींसाठी वेगळा, पलीकडच्या भिंतीशी, नव्या तांब्यासकट. जुन्यातलं पाणी ओतून, तो घासून, गोमूत्र शिंपडून परत जागेवर ठेवला. मुकादमाला आपण फार पुढचं पाऊल टाकलं असं वाटत होतं. "आता तुमचं तुमी. कुनाच्या तोंडाकडं बघायला नगं," तो म्हणाला, आणि कौतुकाची वाट बघत थोडा वेळ उभा राहिला.

पण मातीच्या भांड्याचं एक असतं. नवं भांडं पाझरतं आणि पाणी गार करतं. वर्षानुवर्षं वापरलेल्या भांड्याची छिद्रं बुजतात, मग त्यातलं पाणी कोमट ते कोमटच. होळी झाली, ऊन तापलं, आणि वखारीत हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की सहा जणी गार पाणी पिताहेत आणि बाकीच्या पवित्र पाणी पिताहेत. कुजबुज सुरू झाली. मुकादम चार दिवस जुन्यातलं प्यायला, तोंड वाकडं केलं, आणि पाचव्या दिवशी त्याने फर्मान काढलं.

"आजपास्नं ह्यो नवा आमचा. त्यो जुना तुमचा."

नव्या रांजणातून सहा जणी दोन आठवडे हाताने पाणी घेत होत्या. तरी तो बाटला असं आता कुणी म्हटलं नाही. ज्या जुन्या रांजणासाठी इतकी वर्षं चार हातांचं अंतर राखलं होतं, तो एका वाक्यात देऊन टाकला. विटाळाचं शास्त्र एवढं प्राचीन, पण पाणी गार लागल्यावर दुपारच्या सुट्टीच्या आत बदललं.

थोरली उठली. आधी नव्या रांजणात तांब्या बुडवून प्यायली. मग सगळी वखार ओलांडून जुन्याकडे गेली, त्यात बुडवून प्यायली. तोंड पुसलं.

"ह्यो बी मी बाटवला, त्यो बी मीच बाटवला. आता तुमी कुठलं पिनार, मुकादम?"

पहिल्यांदा बाकीच्या बायकांतली एक हसली. मग दुसरी. मुकादम बाहेर निघून गेला. चारच्या सुमाराला आत आला. उन्हाने लाल झाला होता. कुणाकडे न बघता नव्या रांजणाशी गेला, तांब्या बुडवला आणि उभ्याने प्यायला. त्या दिवसापासून दोन्ही रांजण सगळ्यांचे झाले. मी हा दिवस अहवालात घातला.

अहवाल पुरा झाल्यावर मी थोरलीला तिची वाक्यं वाचून दाखवली. तांब्या दिल्यापासून ती मला 'ताई' म्हणेनाशी झाली होती.

"माझं बोलनं हाय तसंच ऱ्हाऊ दे, पोरी. गुळगुळीत करू नगंस. आन् नाव?"

"नाव नाही घातलं. मुकादमाला कळेल म्हणून."

"त्याला म्हायती न्हाई व्हय, कोण बोललं ते?" ती म्हणाली. पण नावाचा आग्रह तिने धरला नाही. बोलण्याचा मात्र धरला. मी कबूल केलं.

अहवालाला मी नाव दिलं 'वरचं पाणी', आणि तो घेऊन सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला गेले. ट्रस्टची सभा एका दिवाणखान्यात होती. भिंतीवर संस्थापकांच्या वडलांची तसबीर, तिला चंदनाचा हार, हाराला धूळ. समोर तीन जण. मध्ये अध्यक्ष, स्वतः मोठे बागायतदार. उजवीकडे एक वकील. डावीकडचे गृहस्थ झोपेत होते, ते शेवटपर्यंत तसेच राहिले. कोपऱ्यात कारकून इतिवृत्त लिहीत होता.

अध्यक्षांनी अहवाल हातात तोलला. "वरचं पाणी! नाव झकास दिलंयस. आमच्या कालव्याचं दुखणं हेच. वरचे लोक दारं उघडून घेतात, टोकाला थेंब पोचत नाही. माझंच बघ..." आणि मग दहा मिनिटं ते स्वतःच्या उसाबद्दल, पाटकऱ्याच्या लबाडीबद्दल आणि वरच्या अंगाच्या शेजाऱ्याबद्दल बोलले. शेजाऱ्याबद्दल जरा जास्त. "मुलीने धाडसाने लिहिलंय. मंजूर. लिहा हो, उत्कृष्ट."

कारकुनाने लिहिलं.

मला फक्त नमस्कार करून गाडी पकडायची होती. एम.ए.चं दुसरं वर्ष समोरच्या टेबलावर होतं, चहाच्या कपाशेजारी.

"साहेब," मी म्हटलं, "हे कालव्याचं पाणी नाही. रांजणातलं आहे."

"रांजणातलं?"

"वरून घालतात ते."

त्यांनी अहवाल पहिल्यांदा उघडला. वाचला. वकिलांकडे सरकवला. वकिलांनी वाचला. बाहेर कुणीतरी टांगा थांबवून भाड्यावरून वाद घालत होतं, ते सगळं नीट ऐकू आलं.

"विषय नाजूक आहे," वकील म्हणाले. त्यांचा आवाज फार गोड होता. "असं करा, 'भेदभाव' काढा आणि 'पाणीपुरवठ्यातील अनियमितता' घाला. आणि ते शेवटचं प्रकरण, ती बाई, 'कुठलं पिणार' वगैरे, ते गाळा. बाकी सगळं तसंच राहू द्या."

"ते गाळल्यावर बाकी काही राहत नाही."

"मग तिचं वाक्य जरा सौम्य करा. प्रमाण भाषेत."

"तिने सौम्य म्हटलं नव्हतं."

अध्यक्ष पुढे वाकले. "पोरी, दुसरा हप्ता पाहिजे का नको तुला?"

"पाहिजे. ह्याच अहवालाचा पाहिजे. विषय तुमच्या यादीतला आहे, चौथा."

त्यांनी यादी मागवली. बोट खाली-खाली नेत चौथ्यावर थांबवलं. चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "हा कुणी घातला?"

कुणालाच आठवेना. वकिलांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने तसबिरीकडे.

"कळवू," अध्यक्ष म्हणाले.

मी आष्ट्याला उतरून घरी गेले आणि वडलांना सगळं सांगितलं. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. "पल्टणीत एकाच पखालीचं पाणी प्यालो आमी," ते म्हणाले. "कोण कुठला, कुनी इचारलं न्हाई. सुट्टीवर गावात आलो की इसरायचो." मग म्हणाले, "बदलू नगंस एक अक्षर. मी दूध संस्थेत सांगून ठिवतो."

आणि ते खरंच चेअरमनकडे गेले.

तीन आठवड्यांनी ट्रस्टचं पाकीट आलं. आत दुसऱ्या हप्त्याचा ड्राफ्ट होता, पूर्ण रकमेचा, आणि सोबत टंकलिखित पत्र की, कालव्याच्या पाणीवाटपावरील आपला अहवाल उत्कृष्ट म्हणून मंजूर करण्यात आला आहे. कारकुनाचं इतिवृत्त पहिल्या दहा मिनिटांतच लिहून संपलं असावं, आणि सह्या करणाऱ्यांनी ते वाचलं नसावं.

मी दुसऱ्या वर्षाची फी भरली आणि त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने उत्तर पाठवलं. रक्कम मिळाली. माझा अहवाल कालव्यावर नाही, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावावर आहे. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही, बदलणार नाही, आणि या कारणास्तव रक्कम परत हवी असल्यास तसं याच शब्दांत लेखी कळवावं.

पोच आली. 'आपले पत्र मिळाले. विषय : पाटबंधारे.'